वरच्या खोलीतलं बटण

फोनवर कोल्बी ट्रॉटरचं नाव ऐकलं तेव्हा व्हर्जिल स्टोव्हॉल एका ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरत होता. त्याने नळी काढली, फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि पंचांच्या प्रमुखाला ते नाव पुन्हा सांगायला लावलं.

"कोल्बी ट्रॉटर," प्रमुख म्हणाला. "हार्मनचा मुलगा. ऑकली-टॉलिव्हरच्या सामन्यात डावीकडची बाजू सांभाळेल. पहिलाच मोठा सामना आहे पोराचा. वरच्या खोलीत तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. तुला काही अडचण नाही ना?"

"मला कसली अडचण?"

"नाही, म्हणजे हार्मनचं आणि तुझं जुनं काही..."

"माझ्याकडे टायर सोडून जुनं काही नाही," व्हर्जिल म्हणाला.

प्रमुख हसला आणि त्याने फोन ठेवला. व्हर्जिल त्या टायरवर हात टेकून बराच वेळ उभा राहिला. भिंतीपलीकडे नेल्डा कुणाचे तरी केस धूत होती, नळाचा आवाज येत होता. बायकोला जाऊन सांगावं असं त्याच्या मनात आलं. मग वाटलं, नको. काही घास माणसाने एकट्यानेच चावून खावेत.

हार्लो गावात व्हर्जिलचं टायरचं दुकान होतं आणि त्यालाच लागून नेल्डाचं पार्लर. आठवडाभर टायर, आणि शनिवारी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट. कॉलेज फुटबॉलचे पंच सगळे असेच. कुणी विमा विकतो, कुणी शाळेत गणित शिकवतो, कुणी दातांचा डॉक्टर. पण ऑकली आणि टॉलिव्हर या दोन कॉलेजांचा सामना म्हटला की अलाबामाच्या त्या भागात लग्नं पुढे ढकलतात आणि मेलेल्या माणसालाही पुरायचं ते रविवारी. अशा सामन्यात रेषेवर उभं राहायला मिळावं म्हणून व्हर्जिलने ऐन उमेदीची वर्षं शाळांच्या चिखलाच्या मैदानांवर काढली होती. आणि मिळालं तेव्हा जे झालं, ते त्याच्या उरलेल्या आयुष्याला पुरलं.

त्याला तीन वर्षं झाली होती. सामना संपत आलेला. ऑकलीच्या एका पोराने कडेच्या रेषेजवळ उंच उडी मारून चेंडू झेलला. व्हर्जिल दोन हातांच्या अंतरावर उभा. पोराचा पाय रेषेबाहेर पडला असं त्याला दिसलं, त्याने हात हलवून झेल बाद केला. पाय आत पडला होता. टाच आत, गवताचा हिरवा पट्टा मध्ये, आणि मग पांढरी रेषा. व्हर्जिलला ते नंतर कळलं, सगळ्या राज्याला कळलं तेव्हाच.

अशा वेळेसाठीच वर खोली असते. मैदानाच्या वर, काचेमागे, एक जुना पंच पडद्यांसमोर बसतो. खालच्याचं चुकलं असं वाटलं तर त्याने बटण दाबायचं. खाली सगळ्या पंचांच्या पट्ट्याला अडकवलेली डबी थरथरते, खेळ थांबतो, चित्र पुन्हा पाहतात, चूक दुरुस्त होते, लोक दोन मिनिटांत विसरतात. अट एकच. पुढचा डाव सुरू व्हायच्या आत बटण दाबायचं. एकदा चेंडू सुटला की देव आला तरी मागचं बदलत नाही.

त्या दिवशी वर हार्मन ट्रॉटर होता. व्हर्जिलने हात हलवला खरा, पण हलवता हलवताच त्याला शंका आली. त्याचा हात आपोआप पट्ट्यावरच्या डबीवर गेला. त्याने वर काचेकडे पाहिलं. डबी थरथरली नाही. पुढचा चेंडू सुटला, ऑकली हरलं.

खालच्या पंचाला तोंड असतं. वरच्याला नसतं. व्हर्जिलचं तोंड रात्रभर टीव्हीवर होतं. सोमवारी दुकानाची पाटी फोडलेली होती. पत्रपेटीत मेलेलं पोसम, घुशीसारखं रानटी जनावर. नेल्डाच्या पार्लरमधल्या खुर्च्या रिकाम्या पडल्या; वीस वर्षं तिच्याकडे केस सेट करून घेणाऱ्या बायका शेजारच्या गावी जाऊ लागल्या. चर्चमध्ये लोक त्यांच्या बाकावर बसेनात. फोन तर दिवसभर. नेल्डाच उचलायची. "माझ्या नवऱ्याला जे दिसलं ते त्याने दिलं, देव तुमचं भलं करो," असं म्हणायची आणि ठेवून द्यायची. प्रमुखाने त्याला एक हंगाम घरी बसवलं. तेवढ्यात गुडघा गेला. गुडघा गेलेल्या पंचाला वर पाठवतात, म्हणून तो पुढे वरच्या खोलीत आला.

हार्मन ट्रॉटरचं नाव कुणी घेतलं नाही. त्याच्या विम्याच्या कचेरीत गर्दी तशीच राहिली. आणि वर हार्मनसोबत पडदे सांभाळणारा जो माणूस होता, त्याने एकदा बिअर पिता पिता व्हर्जिलला सांगून टाकलं. टाच दाखवणारा कोन वेळेत आला होता. हार्मनसमोरच्या पडद्यावर होता. हार्मन बघत होता आणि बघतच राहिला.

व्हर्जिलने ते मनात नीट घडी घालून ठेवलं.

सामन्याच्या आदल्या दुपारी पंच ज्या हॉटेलात उतरतात त्याच्या समोरच्या खानावळीत व्हर्जिल कॅटफिश खात बसला होता. दार उघडून हार्मन आत आला. तो आता निवृत्त होता, फक्त पोराचा पहिला मोठा सामना बघायला आलेला. पोट सुटलेलं, केस पांढरे, पण चालणं तेच, सगळी खानावळ आपल्या बापाची असल्यासारखं.

"बसू का?"

"खुर्ची माझी नाही," व्हर्जिल म्हणाला.

हार्मन बसला. त्याने गोड चहा मागवला, चमच्याने उगाच ढवळला. "गुडघा कसा आहे?"

"हवा बदलली की सांगतो."

"माझी कंबर तसंच करते. आपण दोघं मिळून हवामान खातं काढू."

व्हर्जिल हसला नाही. त्याने माशाचा काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

"कोल्बी चांगला आहे," हार्मन म्हणाला. "माझा आहे म्हणून नाही सांगत. माझ्यापेक्षा चांगला आहे. पण पहिला सामना, नव्वद हजार माणसं. तुला माहीतच आहे. एखादं इकडचं तिकडे होऊ शकतं. तू वर आहेस. लक्ष ठेव पोराकडे."

"माझ्याकडे कुणी ठेवलं होतं?"

हार्मनचा चमचा थांबला.

"सरळ विचारतो," व्हर्जिल म्हणाला. "त्या दिवशी बटण का नाही दाबलंस?"

"झालं ते होऊन गेलं, व्हर्जिल."

"तुझं होऊन गेलं. माझ्या बायकोच्या निम्म्या खुर्च्या अजून रिकाम्या आहेत. एवढंच सांग, तुला दिसलं होतं की नाही?"

हार्मनने खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावर ऑकलीचे तांबडे झेंडे लावलेल्या गाड्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. व्हर्जिलला वाटलं, आता बोलेल. त्याने हो म्हटलं असतं तर व्हर्जिल काय करणार होता, ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. कदाचित हात पुढे केला असता.

"माझा चहा तुझ्या बिलात लाव," हार्मन उठत म्हणाला. "आणि पोराचं जरा बघ."

त्याची पाठ दारातून बाहेर पडेपर्यंत व्हर्जिल बघत होता. मग त्याने उरलेला मासा संपवला. चवीने संपवला.

शनिवारी सकाळपासून मैदानाभोवती धूर होता. लोकांनी पहाटेच गाड्या लावून चुली पेटवल्या होत्या, डुकराच्या फासळ्या भाजत होत्या, म्हाताऱ्या बायका घडीच्या खुर्च्यांवर बसून टॉलिव्हरच्या हिरव्या शर्टवाल्यांना गोड आवाजात शिव्या देत होत्या. "बाळा, तुझ्या आईला माहीत आहे का तू हे घालून बाहेर पडलास?" अशा. व्हर्जिल त्या सगळ्यांतून मान खाली घालून गेला. आता त्याच्या अंगावर पट्ट्यांचा शर्ट नव्हता, साधा कोट होता. तीन वर्षांपूर्वी त्याचा पुतळा जाळणारे लोक त्याला वाट देत होते आणि "सर, फासळी घ्या" म्हणत होते. त्याला गंमत वाटली. वरच्या खोलीचं हेच सुख. तिथे बसणारा म्हणजे काचेमागची सावली.

जिन्याशी कोल्बी भेटला. उंच, सडपातळ, बापाचा जबडा आणि आईचे डोळे. त्याने टोपी काढली.

"मिस्टर व्हर्जिल, बाबा म्हणाले वर तुम्ही आहात. फार बरं वाटलं बघा."

"का रे?"

"तुम्ही खाली राहून आलात. कडेला उभं राहणं काय असतं ते तुम्हाला कळतं. काही जण वर जाऊन विसरतात."

"मी काही विसरत नाही," व्हर्जिल म्हणाला.

पोराने ते चांगल्या अर्थानेच घेतलं आणि हात पुढे केला. हात गार होता, घामाने ओला. व्हर्जिलने तो दाबला.

खोलीत तिघंच. व्हर्जिल मधल्या खुर्चीवर, उजव्या हाताशी बटण. डावीकडे ट्रिना, पडदे सांभाळणारी; वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं पुढेमागे करून समोर आणणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागे बॉइड, हेडसेट लावून. बटण दाबल्यावर खालच्या मुख्य पंचाशी बोलायचं काम त्याचं. तोवर त्याने तोंड उघडायचं नाही, आणि तो उघडतही नव्हता, खाण्यापुरतं सोडून.

सामना चुरशीचा झाला. व्हर्जिलने दुपारभरात काही वेळा बटण दाबलं, नियमाने, चोख. दुसऱ्या पंचाची चूक होती, दुरुस्त केली. कोल्बीने एकही चूक केली नाही. प्रत्येक वेळी पोराने हात वर केला की व्हर्जिल पुढे झुकायचा आणि ट्रिना चित्र आणायची आणि चित्र म्हणायचं, बरोबर. एवढी वर्षं जपून ठेवलेलं असंच कोटाच्या खिशात घेऊन घरी जावं लागणार की काय, असं त्याला वाटू लागलं.

शेवटच्या मिनिटाला ते झालं. ऑकली पुढे होतं. टॉलिव्हर अगदी गोलच्या रेषेच्या तोंडाशी; चेंडू तिच्यापलीकडे नेला की टचडाउन, सहा गुण. त्यांचा एक दांडगा पोरगा चेंडू छातीशी धरून माणसांच्या ढिगावरून झेपावला. ढिगाच्या पलीकडून चेंडू बाहेर आला, ऑकलीच्या एका पोराने तो उचलला आणि उलट्या दिशेने पळत सुटला. पण कोल्बी ट्रॉटर रेषेवर होता आणि कोल्बीने दोन्ही हात आभाळाकडे वर केले. चेंडू रेषेपलीकडे गेला होता, मग निसटला, टॉलिव्हरचा टचडाउन.

ऑकलीच्या प्रेक्षकांतून असा आवाज आला की खोलीची काच हलली.

"आणते," ट्रिना म्हणाली. तिची बोटं चालली. पहिला कोन, माणसांच्या पाठी. दुसरा, कुणाचं तरी शिरस्त्राण. तिसऱ्यावर ती थांबली. तिने चित्र एकेक करून पुढे सरकवलं. चेंडू हातातून सुटला होता. सुटलेला चेंडू हवेत, आणि त्याच्या पुढे, हाताच्या अंतरावर, पांढरी रेषा. अंधुक काही नव्हतं. आंधळ्यालाही दाखवता आलं असतं.

"सुटलाय," ट्रिना म्हणाली. "सर, रेषेच्या अलीकडे सुटलाय."

व्हर्जिलने मान हलवली. खाली टॉलिव्हरचा प्रशिक्षक दोन्ही हातांनी आपल्या लाथ मारणाऱ्या पोराला मैदानात ढकलत होता. पळा, उभे राहा, मारा. त्यालाही माहीत होतं. टचडाउननंतरची ती एका गुणाची लाथ एकदा मारली की मागचं सगळं कायमचं बंद. ऑकलीच्या प्रशिक्षकाकडे खेळ थांबवायला एकही संधी उरली नव्हती. तो नुसता काचेकडे बघून हातवारे करत होता.

"सर," ट्रिना म्हणाली.

व्हर्जिल कोल्बीकडे बघत होता. पोरगा रेषेवरून हलला नव्हता. हात खाली आले होते, आणि उजवा हात सावकाश पट्ट्यावरच्या डबीकडे गेला. त्याने तिच्यावर तळवा ठेवला, जखमेवर ठेवतात तसा. मग त्याने वर पाहिलं. सरळ काचेकडे.

तो तळवा व्हर्जिलला आतून माहीत होता. त्या तळव्याखाली काय चाललंय, थरथर, एकदा थरथर, असं मन कसं विनवतं, हे त्या सबंध मैदानात त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि म्हणूनच त्याला ते गोड लागलं. त्याने आपला उजवा हात बटणावरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

"सर, ते उभे राहतायत. दाबा."

"बघतोय मी."

"बघायला काय उरलंय त्यात?"

"आणखी एक कोन दाखव."

ट्रिनाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने कोन दाखवला नाही. तिने हात पडद्यांवरून काढून घेतले. खाली चेंडू सुटला, लाथ बसली, चेंडू दोन खांबांमधून गेला.

मागे बॉइडने चावणं थांबवलं.

"कोन वेळेत आला नाही," व्हर्जिल म्हणाला.

ट्रिनाने आपली खुर्ची मागे सरकवली.

टॉलिव्हर पुढे गेलं, त्यानंतर सामना नावापुरता उरला. बाटल्या मैदानात पडल्या, बर्फ पडला, कुणीतरी अर्धी फासळी भिरकावली. पोलिसांनी कोल्बीला मधे घेऊन बोगद्यात नेलं. त्याच्या काळ्या टोपीवर कसलातरी लाल रस्सा होता. व्हर्जिलने ते काचेतून शेवटपर्यंत पाहिलं. बापही तिथेच कुठेतरी बसून हे बघतोय, हे त्याला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणं त्याला त्या फासळ्यांहून रुचकर लागलं.

गाडी चालवत घरी जाताना त्याने शीळ घातली.

नेल्डा दारात उभी होती. तिचा चेहरा पाहून तो गाडीतून उतरता उतरता थांबला.

"काय झालं?"

"टीव्हीवर तू होतास," ती म्हणाली.

"मी कसा असेन? मी वर होतो."

"तुझा फोटो होता. नाव होतं. मोठ्या अक्षरात."

ही गोष्ट व्हर्जिलला माहीत नव्हती, आणि माहीत असायचं कारणही नव्हतं. हंगामातला प्रत्येक शनिवार तो काचेमागे काढत होता. घरी बसून लोक सामना कसा बघतात हे त्याने कित्येक दिवसांत पाहिलंच नव्हतं. टीव्हीवाल्यांनी त्या वर्षीपासून एक जुना मुख्य पंच नियम सांगायला आणून बसवला होता, आणि निर्णय वादात आला की वरच्या माणसाचा फोटो आणि नाव ते पडद्यावर टाकत. त्या जुन्या पंचाने चित्र पुन्हा पुन्हा चालवून सांगितलं होतं, "खाली उभ्या असलेल्या पोराला दोष देऊ नका. ढिगात त्या वेगाला कुणालाही हेच दिसलं असतं. पण वर जो बसलाय त्याला हे चित्र मिळालंय. त्याने बटण का दाबलं नाही, हे त्यालाच विचारा."

रविवारपर्यंत सगळं राज्य त्यालाच विचारत होतं. दोन चुका, दोन्ही ऑकलीच्या विरुद्ध, दोन्हीत हाच माणूस. आता ती चूक नव्हती लोकांच्या लेखी. टॉलिव्हरकडून किती खाल्ले, असं दुकानाच्या शटरवर रंगाने लिहिलं गेलं. कोल्बीला प्रमुखाने पुढच्या शनिवारी विश्रांती दिली, पण लोक त्याच्याबद्दल हळहळत होते. रेडिओवर एका बाईने फोन करून सांगितलं की त्या बिचाऱ्या पोराला वरच्याने वाऱ्यावर सोडलं.

व्हर्जिल दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे ऐकत होता. त्याला पश्चात्ताप होत नव्हता. राग येत होता. तीन वर्षांपूर्वी वरच्या माणसाचं नाव असं कुणी का टाकलं नाही, हा एकच विचार तो दळत होता.

मंगळवारी सकाळी हार्मन आला. रंगवलेलं शटर अर्धं वर होतं, तो वाकून आत शिरला आणि टायरांच्या चळतीपाशी उभा राहिला. दोघांपैकी कुणी नमस्कार केला नाही.

"तुला दिसलं होतं," हार्मन म्हणाला.

"शुक्रवारी मीच तुला हे विचारलं होतं. तू चहा माझ्या बिलात लावून गेलास."

"मग आज ऐक. हो, कोन आला होता. टाच आत वाटली. मग वाटलं सावली आहे. मी अंगठा बटणावर ठेवला होता, व्हर्जिल. खात्री होईना. म्हटलं आणखी एकदा बघू, आणि बघेपर्यंत चेंडू सुटला. मी घाबरट आहे. आयुष्यभर होतो, म्हणून विमा विकला."

"आणि नंतर? तीन वर्षं? माझ्या पेटीत मेलेली जनावरं टाकत होते तेव्हा?"

हार्मनने टोपी हातात गोल फिरवली. "तेव्हा माझी हिंमत झाली नाही. रोज वाटायचं उद्या सांगू. ते माझं पाप आहे, त्याचा हिशेब माझ्याकडून घे. पण मला शंका होती आणि तुला शंका नव्हती. हा फरक आहे आपल्यात. तुला माझ्यावर काढायचं होतं तर माझ्यावर काढायचं होतंस. पोराने तुझं काय केलं होतं?"

"तुझ्यावर काय काढणार?" व्हर्जिल उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "तुझं होतं काय घेण्यासारखं? तुझं तोंड कुणाला माहीत नव्हतं. तुझ्या दारावर कुणी थुंकलं नसतं. तुझ्याकडे लोकांसमोर उभं राहणारी एकच वस्तू होती, ती त्या रेषेवर उभी होती. मग मी तीच घेतली. आणि सांगू? त्याने डबीवर हात ठेवला ना, तेव्हा मला बरं वाटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं."

हार्मनची नजर व्हर्जिलच्या खांद्यावरून मागे गेली होती. पार्लरकडच्या दारात नेल्डा उभी होती, हातात टॉवेल.

"मिस नेल्डा," हार्मन पुटपुटला. "मी आज प्रमुखाकडे चाललोय. त्या वर्षीचं माझं जे काही आहे ते सांगायला. तुमच्या नवऱ्याचं मी सांगणार नाही. ते त्याचं आहे." तो वाकून शटरखालून बाहेर गेला.

नेल्डाने टॉवेलची घडी घातली. मग उलगडली.

"मी रविवारपासून लोकांना सांगतेय," ती म्हणाली, "की चित्र वेळेत आलं नाही. तू सांगितलंस तेच. चर्चमध्ये उभं राहून सांगितलं मी."

"नेल्डा..."

"आलं होतं?"

"आलं होतं."

"आणि तू त्या पोराकडे बघत बसलास."

"त्याच्या बापाने माझ्याकडे..."

"त्याच्या बापाचं विचारत नाहीये मी. गेल्या वेळी तुझ्यासाठी मी सगळ्या गावाशी भांडले, कारण तू खोटं वागला नव्हतास. चुकला होतास. चुकलेल्या माणसासाठी भांडता येतं." तिने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले नव्हते. "तू माझं तोंडही घेतलंस त्या दिवशी, व्हर्जिल. बाकीच्यांसोबत."

पार्लरमध्ये फोन वाजला. नेल्डा आत गेली. त्याला वाटलं नेहमीसारखी उचलेल, देव भलं करो म्हणेल, ठेवेल. ती फोन घेऊन बाहेर आली, वायर जितकी लांब येते तितकी, आणि वाजणारा फोन त्याच्यासमोर धरला.

"घे. आजपासून तुझे तू."

त्याने घेतला. पलीकडे कुणी म्हातारा होता, ऑकलीचा, आवाजावरून आजारीही असावा. त्याने श्वास घ्यायलासुद्धा न थांबता व्हर्जिलची आई काढली, डोळे काढले, गुडघा काढला, आणि शेवटी दम लागून विचारलं, "एवढं ढळढळीत, तुला दिसलं नाही का रे?"

"दिसलं होतं," व्हर्जिल म्हणाला.

एवढ्या फोनांमध्ये पहिल्यांदाच कुणीतरी गप्प झालं होतं.

"मग?" म्हाताऱ्याने विचारलं. आता आवाजात शिवी नव्हती.

नेल्डा दारात उभी होती. ती आत गेली नाही, जवळही आली नाही. व्हर्जिलने पायाने स्टूल ओढलं आणि दुखरा गुडघा सांभाळत त्याच्यावर बसला.

"थांबा," तो फोनमध्ये म्हणाला. "सांगतो."